प्लेडला चिंचोक्याची खळ

मी एकदा स्कॉटिश पद्धतीच्या लोकरी प्लेडला चिंचोक्याची खळ दिली होती. घोंगडीला देतात तशी. दोन्ही बाजूंनी, हात आखडता न घेता.

ज्यांना प्लेड ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते (मलाही तेव्हा ठाऊक नव्हतं, म्हणून तर हे सगळं झालं). आमचे हे फौजेच्या बँडमध्ये पायपर होते. म्हणजे ती मशकबीन वाजवायचे. काखेत एक फुगलेली पिशवी, तिला चारी बाजूंनी नळ्या. एका नळीतून फुंकायचं आणि बाकीच्या नळ्यांनी गळा काढायचा. हे वाजवणाऱ्याचा पोशाख गोऱ्या साहेबाच्या वेळेपासून ठरलेला. कमरेला चौकड्यांचा चुण्याचुण्यांचा घागरा, त्याला किल्ट म्हणायचं. पायात गुडघ्यापर्यंत जाड लोकरी मोजे. मोज्यांच्या दुमडीखालून लोंबणाऱ्या दोन-दोन लाल पट्ट्या. आणि डाव्या खांद्यावर मोठ्या पिनेनं अडकवून पाठीवरून थेट पोटरीपर्यंत सोडलेलं, झालर लावलेलं एक लोकरी वस्त्र. तेच प्लेड. थोडक्यात, माणूस कमी आणि लोंबणाऱ्या वस्तू जास्त.

हे पेन्शनीत निघाले तेव्हा पलटनीतल्या बँडमास्तरांनी हा सगळा साज यांना आठवण म्हणून दिला. घरी ट्रंक उघडून यांनी मोठ्या अभिमानानं तो अंगावर चढवून दाखवला. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, बराच वेळ बघत राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "कौसे, लेक बंदूक चालवायला धाडला हुता. ह्यो परकर घालून आला."

तर आता खरी गोष्ट. पेन्शन आली, पण घरी बसून भागणार नव्हतं. यांच्यासमोर दोन कामं होती. एक नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात रखवालदाराचं. तिथंच खोली घेऊन राहायचं आणि साप्ताहिक सुट्टीला इकडं घरी, श्रीगोंद्याकडं यायचं. दुसरं आमच्या गावाजवळच्या साखर कारखान्याच्या शाळेत. चेअरमनसाहेबांच्या डोक्यात आलं होतं की आपल्या शाळेला मशकबीनचा बँड पाहिजे. त्यांनी यांना निरोप धाडला, की गळिताच्या शुभारंभाला पूर्ण पोशाखात येऊन वाजवून दाखवा. पसंत पडलं तर शाळेतली बँडमास्तरची जागा तुमची, नाहीतर रामराम.

मला काही झालं तरी यांना नागापूरला जाऊ द्यायचं नव्हतं. लग्न झाल्यापासून मी नवरा फक्त सुट्टीत बघितला होता. दिवाळीच्या फराळासारखा. आला आला म्हणेपर्यंत डबा रिकामा. आता कुठं माणूस घरी राहायची वेळ आली होती, आणि ते सगळं त्या लोंबणाऱ्या वस्तूंवर लोंबत होतं.

मशकीची एक नळी चिरकत होती. ती नीट करून घ्यायला हे नगरला एका जुन्या सोबत्याकडे निघाले. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी परत येणार होते. जाताना ट्रंक माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "लोकर आहे. धुवायची नाही, पिळायची नाही, उन्हात टाकायची नाही. सावलीत टांगून ठेव. सगळं कसं सरळ लोंबलं पाहिजे, गवंड्याच्या ओळंब्यासारखं."

एवढ्या बोलण्यात 'नाही' तीनदा आलं होतं. मला फक्त ओळंबा ऐकू आला.

हे एसटीत बसले आणि आम्ही सासवा-सुना ट्रंकेवर बसलो. झाकण उघडताच डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला, की आत्याबाईंना शिंकांची उबळ लागली आणि दारातली कोंबडी उठून पलीकडच्या आळीला गेली. मोजे तर वर्षानुवर्षांच्या कवायतीनं मान टाकून पडले होते.

"ह्ये आसलं घालून चेरमनपुढं जानार व्हय त्यो?" आत्याबाई नाकाला पदर लावून म्हणाल्या. "वासानंच काम जाईल की. धू जरा."

मी बंब पेटवला. पाण्याला उकळी आली तशी त्यात मूठभर सोडा टाकला, मोजे बुडवले, आणि मग दगडावर घेऊन धोपटण्यानं असे बडवले की फौजेत एवढा मार त्यांनी कधी खाल्ला नसेल. वास गेला. मोजेही जवळजवळ गेले. पाण्यातून वर काढले तर माझ्या हातात बाळाची दोन टोपडी. दूध आटवून खवा करावा तसा मी मोज्यांचा खवा केला होता. जाडी मात्र तिप्पट झाली होती.

पहिल्यांदा आम्ही ते ताणून बघितले. एक टोक माझ्या हातात, दुसरं आत्याबाईंच्या. मोजा काही वाढला नाही. आत्याबाईच सारवलेल्या जमिनीवरून घसरत माझ्याजवळ आल्या. मग त्यांनी तोड काढली, की ओले आहेत तोवर यांच्यात काहीतरी जड भरायचं आणि झाडाला टांगून ठेवायचे. वजनानं आपोआप खाली येतील. मला तर ते एकदम पटलं. ओळंब्याला तरी काय असतं? खाली वजनच असतं की!

घरात भरायला हाताशी होतं मटकीचं पोतं.

दोन्ही मोज्यांत दाबून दाबून मटकी भरली, तोंडं बांधली, आणि एक मोजा दारातल्या लिंबाला टांगला, दुसरा परसातल्या शेवग्याला. वाळले तर ताणणार कसे, म्हणून मी जाता-येता तांब्यानं त्यांच्यावर पाणी मारत होते. रस्त्यानं जाणारे-येणारे लिंबाला लोंबणारा लोकरी पाय बघायचे आणि काही न विचारता पुढं जायचे. आमच्या घराबद्दल गावाचं मत तेव्हा बनायला लागलं असावं.

आता ओल्या फडक्यात मटकी बांधून टांगली, वर पाणी मारत राहिलं, की काय होतं हे परकरातल्या पोरीलाही कळतं. मलाही कळत होतं. आत्याबाईंनी तर जन्मभर दुसरं काही केलं नव्हतं. पण त्या दिवशी आमच्यापुढं मोजे होते, मटकी नव्हती. एका सकाळी बघते तर लिंबावरच्या मोज्याला केस आले होते! लोकरीच्या विणीतून पांढऱ्या मोडांनी माना बाहेर काढल्या होत्या. शेवग्यानं तर शेवग्यासारखंच केलं होतं. फांदी कडकन मोडली होती आणि तो मोजा खाली पडून आरामात लोळत होता. म्हणजे लिंबाचा मोजा हत्तीच्या सोंडेएवढा झाला आणि शेवग्याचा टोपडंच राहिला.

मी डोक्यातला आकडा काढून मोज्यातून एकेक मोड उपटत बसले. मोड निघाले, पण एवढ्या मटकीचं करायचं काय? मी गुरांना घालू म्हटलं. आत्याबाईंनी माझ्या हातातलं पातेलं ओढून घेतलं.

"गुरांना? येडी का खुळी तू? मोड बघ कसलं ब्येस आल्यात. आपल्या घरच्या फडक्यात येवढं आलं न्हाईत कंदी."

पातेलं आत गेलं. लसूण फुटल्याचा आवाज आला. पुढचं मी विचारलं नाही.

प्लेडच्या बाबतीत मात्र मी सावध होते. (मी मूर्ख होते, पण शिकणारी मूर्ख होते.) त्याला कढत पाणी दाखवायचं नाही, सोडा नाही, धोपटणं नाही. नुसतं दोरीवर टाकलं. तर ते मधोमध झोळीसारखं लोंबायला लागलं, कोपरे कुत्र्याच्या कानासारखे वळले आणि झालरीचा गुंता झाला. लाल पट्ट्यांचीही तीच गत. त्या मी पाट्याखाली दाबून ठेवल्या. सरळ झाल्या, पण लसणाच्या चटणीचा वास घेऊनच निघाल्या. प्लेड एवढं मोठं की त्याच्यासाठी पाटा कुठून आणायचा?

आमच्या ओसरीवर आत्याबाईंची घोंगडी होती. टाकली की फळीसारखी पसरायची, कोपरा म्हणून वळायचा नाही. मी विचारलं, ही एवढी ताठ कशी राहते. आत्याबाईंनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी सूर्य कुठून उगवतो तेच विचारलं होतं. चिंचोक्याची खळ देतात म्हणून. दोघी एकदमच दोरीकडे वळलो.

"लोकरच हाय न्हवं ती?" आत्याबाई म्हणाल्या.

लोकर तर लोकरच होती.

चिंचोके भाजले, फोडले, भिजवून पाट्यावर वाटले आणि मोठ्या टोपात रटरट शिजवले. आत्याबाईंनी जाता जाता त्यात गुळाचा एक भेला सोडला. का, तर म्हणे चकाकी येते. मग आम्ही प्लेड बाजेवर पसरून त्याला दोन्ही बाजूंनी खळ चोपडली, भिंत लिंपावी तशी. झालरीची एकेक बट मी फणीनं विंचरली, पिळली आणि खळीत बुडवून सोडली. मग ते सगळं गोठ्याच्या पत्र्यावर उन्हात वाळत घातलं.

(परवा माझी नात मोबाईलवर वाचून दाखवत होती, की किल्टचं लोकरी सामान नीट लोंबावं म्हणून त्याला दुरून वाफ द्यावी, ओलं फडकं ठेवून वरून हलकी इस्त्री दाबावी, सपाट वाळवावं, रुंद हँगरला टांगून चुण्या आपोआप सुटू द्याव्यात. शेवटपर्यंत वाचून झाल्यावर म्हणाली, "आजी, यात खळ कुठंच नाहीये." मी म्हटलं, खाली बघ, अजून असेल.)

संध्याकाळी पत्र्यावर चढले तर पत्रा कुठला आणि प्लेड कुठलं हे वाजवून बघावं लागलं. दोन्हींचा आवाज एकच यायचा. घडी होईना म्हणून आम्ही ते तसंच उचलून आणून ओसरीच्या कोपऱ्यात उभं केलं. उभं केलं म्हणजे उभं केलं. टेकूही लागला नाही.

दिवेलागणीला हे आले. ओसरी अंधारलेली. कोपऱ्यात कुणीतरी खांदे पाडून उभं आहे असं वाटून यांनी आधी त्याला रामराम घातला. उत्तर येईना म्हणून जवळ गेले. बोटानं वाजवून बघितलं. मी आत भाकरी थापत होते, टकटक ऐकून आतूनच म्हटलं, "कोण हाय? दार उघडंच हाय की."

बाहेर आणखी एकदा टकटक झालं.

फौजेतल्या माणसाचं एक बरं असतं, संकट आलं की तो आधी जेवून घेतो. हे पाटावर बसले. प्लेडकडे पाठ करून बसले. आत्याबाईंनी वाटीभर उसळ वाढली. यांनी घास घेतला, जरा थांबले, आणखी एक घेतला.

"मोड छान आलेत. चव जरा वेगळी लागतेय."

"फौजी मटकी हाय ती," आत्याबाई म्हणाल्या आणि आणखी एक डाव वाढला. यांनी तोही संपवला.

मी म्हटलं, प्लेड राहू द्या, नुसत्या घागऱ्यावर जा. हे म्हणाले, प्लेडशिवायचा पायपर म्हणजे मिशी काढलेला पाटील. पुन्हा धुवावं तर सकाळपर्यंत वाळणार नव्हतं. शेवटी सकाळी तेच खांद्यावर चढलं. पिनेनं अडकवताना अक्षरशः हातोडी लागली. डाव्या पायात हत्तीची सोंड, ती सारखी घोट्यावर उतरायची. उजव्या पायात टोपडं, ते टाचेच्या वर यायला तयार नव्हतं. आणि पाठीवर प्लेड सरळ होतं, इमानानं सांगते, ओळंब्यासारखं सरळ होतं. फक्त ते खाली न लोंबता मागं निघालं होतं, अर्धवट उघडलेल्या दारासारखं.

कारखान्यानं धाडलेल्या जीपमध्ये दारातून प्लेड आत जाईना. ड्रायव्हरनं चहूबाजूंनी बघितलं आणि यांना मागच्या फळीवर उभं केलं. जीप सुटली. डावीकडून वारा आला की प्लेड उजवीकडं वळायचं, आणि प्लेड वळलं की हेही वळायचे. एक सायकलवाला खाली वाकून निसटला. आत्याबाई आत बसून बाहेर बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर शंकेची रेषाही नव्हती.

कारखान्यावर मांडव पडला होता. साखर कारखान्यात ऊस टाकायच्या फिरत्या पट्ट्याला गव्हाण म्हणतात. चेअरमननी उसाची पहिली मोळी गव्हाणीत टाकली की गळीत सुरू. त्या दिवशी पहिली बैलगाडी नवरीसारखी सजवली होती. बैलांच्या शिंगांना रंग, अंगावर झुली, मागं ऊस. ठरलं होतं असं: पुढं हे वाजवत चालणार, मागं गाडी, गव्हाणीपाशी थांबायचं, मग मोळीची पूजा. आता गव्हाण हा शब्द कारखान्यानं बैलांकडूनच, त्यांच्या वैरणीच्या गव्हाणीवरून, उचललेला. गव्हाणीकडं चाललोय म्हटल्यावर बैल काय समजणार? आणि समोर, अगदी तोंडापाशी, चिंचोक्याची खळ. गूळ घातलेली.

यांनी मशक फुगवली आणि सूर धरला. दहा पावलं झकास गेली. मग डावीकडच्या बैलानं मान पुढं केली आणि प्लेड खालून वर चाटलं.

हे किंचित हलले. वारा असेल म्हणून पुढं चालू लागले. बैलानं दुसऱ्यांदा चाटलं, त्याला बरं वाटलं असावं, कारण तिसऱ्यांदा त्यानं झालरच तोंडात घेतली. आता उजवीकडचा बैल, आपल्याला कुणी विचारतच नाही म्हटल्यावर, दुसऱ्या कोपऱ्याला लागला. यांनी चाल वाढवली. बैलांनीही वाढवली. गाडीवान कासरा ओढून ओढून मागं आडवा झाला. हे पळायला लागले, घोट्यावरचा मोजा सोंडेसारखा उधळतोय, चुण्यांचा घागरा वाऱ्यावर, मागं दोन बैल आणि त्यांच्या मागं गाडीभर ऊस, आणि या सगळ्यात मशक मात्र अखंड वाजत होती! लोकांना वाटलं कार्यक्रमच असा आहे. टाळ्या सुरू झाल्या.

मी पदर तोंडात कोंबून उभी होते. डोळ्यांपुढं नागापूर दिसत होतं. खोली, कुलूप, साप्ताहिक सुट्टी. शेजारी आत्याबाई नीट निरखून बघत होत्या. मग माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "कौसे, गूळ वाईच जास्त झाला."

पुढं गव्हाण, मागं बैल. हे चेअरमनसाहेबांच्या अगदी समोर थबकले आणि फौजेच्या सवयीनं टाच मारून गर्रकन मागं फिरले. त्याबरोबर प्लेड दारासारखं फिरलं, बैलाच्या नाकाडावर फाडकन आपटलं, पिनेतून सुटलं आणि चेअरमनसाहेबांच्या पायांपुढं आडवं पडलं. फळीसारखं. एका बाजूनं ओलं. बैल जागच्या जागी थांबले. त्यांच्याशी आजवर कुठली वैरण अशी वागली नव्हती.

चेअरमनसाहेब गळ्यात हारांचा ढीग घेऊन उभे. त्यांना त्या ढिगावरून समोरचं अर्धंच दिसत होतं. त्यांनी बघितलं, चौकडी आहे, झालर आहे, ताठ आहे. म्हणजे मोळीबरोबरचं काहीतरी मानाचं वस्त्र असणार. त्यांनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ टेकवला, आणि कुणी काही म्हणायच्या आत मोळीसकट गव्हाणीत लोटून दिलं. भोंगा झाला. बँडमास्तरांनी आठवण म्हणून दिलेलं ते प्लेड उसाच्या आधी गाळपाला गेलं. (त्या वर्षी साखरेच्या पहिल्या पोत्यात लोकर निघाली असं लोक म्हणतात. लोक काय, काहीही म्हणतात.)

आणि मशक तरीही वाजतच होती. त्या वाद्याचं असं आहे, फुंकायचं थांबवलं तरी आत हवा असेपर्यंत ते बोलायचं थांबत नाही. (आत्याबाईंचंही तसंच होतं.) यांना थांबता येत नव्हतं, म्हणून हे उभे राहून वाजवत राहिले, ताठ, नजर समोर, कानाच्या पाळ्या लाल. शेवटी हवा संपली आणि मशकीनं एक लांब उसासा टाकला.

चेअरमनसाहेबांनी माईक हातात घेतला. मी डोळे मिटून घेतले.

"बैल पाठीवर चरत होता," ते म्हणाले, "तरी या माणसानं सूर सोडला नाही. आपल्या शाळेच्या पोरांना असाच मास्तर पाहिजे."

उद्यापासूनच शाळेत यायला सांगितलं त्यांनी. वर नवा पोशाख कारखान्याच्या खर्चानं. मी तिथंच डोळे पुसले. आत्याबाईंनी आजूबाजूच्या बायकांना खळीची कृती सांगायला सुरुवात केली होती.

घरी आल्यावर मी चहा केला. हे ओसरीवर बसले होते, खांद्यावर नुसती पिन. मला राहवेना. माणूस आता जन्मभर घरीच राहणार, मग त्याच्यापासून काय लपवायचं, म्हणून मी सगळं सांगून टाकलं. बंब, सोडा, धोपटणं. चिंचोके, गूळ, पत्रा. हे ऐकून घेत होते, मधूनमधून मान हलवत होते, एकदा तर हसलेसुद्धा. त्यांचं हसणं बघून मला धीर आला आणि मी लिंबाचं, शेवग्याचं आणि त्यांच्या मोज्यांत भरलेल्या मटकीचंही सांगितलं.

यांनी बशी ओठापर्यंत नेली होती. ती तशीच थांबली. बशीतला चहा निवेपर्यंत हे समोरच्या लिंबाकडे बघत होते. मग बशी खाली ठेवून अगदी शांतपणे म्हणाले, "नागापूरची ती जागा अजून रिकामी असेल का गं? तिथं कँटीन आहे म्हणत होते."